खोल पाण्यातून गेलेली लाट

आईचा शेवटचा निरोप सोमवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी आला होता. गुरुवार उजाडला तरी त्याच्यामागून दुसरा आला नव्हता.

शाल्मलीला तो आता तोंडपाठ झाला होता. 'इथे दुपारचा एक वाजून वीस मिनिटं. आत्ताच जेवले. समुद्र तळ्यासारखा शांत, एक हेलकावा नाही. कप्तानांनी इंजिन हळू करायला सांगितलंय, का ते कळलं नाही. उद्या सकाळी सातला वेलामा बंदरात पोहोचू. तिथून फोन करते.'

साधा, रोजच्यासारखा निरोप. पण त्यातलं एक वाक्य तिला तीन दिवस टोचत होतं. समुद्र तळ्यासारखा शांत.

कारण त्याच सोमवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, पॅसिफिक महासागरातल्या तारुमा बेटांजवळ समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला होता. पंचवीस मिनिटांत वेलामा शहरावर वीस मीटर उंचीची लाट चढली. सहामजली इमारत असते ना, तेवढी. बंदर गेलं, बाजार गेला, किनाऱ्यालगतच्या वस्त्या गेल्या. आणि आईचं 'नीलाक्षी' हे मालवाहू जहाज त्याच बंदराकडे निघालं होतं. आई त्यावर सेकंड इंजिनीयर होती.

"एवढी लाट आली, आणि आई म्हणते हेलकावासुद्धा नाही," शाल्मली बाबांना म्हणाली. "असं कसं होईल?"

ते पडवीत गुडघे जवळ घेऊन बसले होते. माडबावच्या जेटीवर विजेवर चालणाऱ्या होड्या दुरुस्त करायचं त्यांचं काम, पण सोमवारपासून ते तिकडे फिरकले नव्हते. दाढी वाढली होती. भिंतीवरच्या पडद्यावर बातम्यांचा आवाज बंद करून ठेवला होता, पण चित्रं चालूच होती. तीच लाट, तोच पूल, त्याच वाहून जाणाऱ्या गाड्या. पहिल्या दिवशी सगळे डोळे फाडून बघत होते. आता कुणी बघत नव्हतं, आणि बंदही करत नव्हतं.

"बाबा, सांगा ना."

"तो निरोप आधीच लिहिलेला असेल," बाबा शेवटी म्हणाले. "भूकंपाच्या आधी. मग उपग्रहावर अडकून पडला असेल आणि उशिरा पोहोचला असेल. म्हणूनच त्यात काही नाही."

हे वाक्य ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. बोलल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

जहाजाच्या कंपनीचं उत्तर रोज तेच येत होतं. संपर्क होत नाही, झाला की कळवू. तारुमावरच्या उपग्रहांची सगळी क्षमता बचावकार्यासाठी राखून ठेवली होती. खासगी निरोप थांबवले होते.

शेजारच्या झुलेखाचाची डबा घेऊन आल्या. त्यांचे यजमान तीस वर्षं जहाजावर होते, त्यामुळे वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी भाकऱ्या आणि कालवण ओट्यावर ठेवलं, कालचा डबा उचलला. तो तसाच भरलेला होता.

"ओंकार, पोरीसाठी तरी दोन घास खा," त्या म्हणाल्या. "आणि अण्णा कुठे आहेत?"

"मागे बसलेत," शाल्मली म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचे आजोबा, आईचे वडील. केदार अण्णा पंचाहत्तर वर्षांचे होते. सगळी नोकरी त्यांनी समुद्रशास्त्रज्ञ म्हणून केली होती. आज्जी गेल्यापासून ते लेकीकडेच राहत. कालचा दिवस त्यांना फार जड गेला होता.

काल दुपारी कुणीतरी गावभर एक आवाजी निरोप फिरवला. तारुमाची लाट संध्याकाळी चार वाजता कोकणात येणार, डोंगरावर पळा. कुणी तो पाठवला कुणास ठाऊक. पण तीन दिवस पडद्यावर ती लाट बघून माणसं अर्धी घाबरलेलीच होती. गठुडी बांधून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, गाव टेकडीच्या पायवाटेला लागलं. अण्णा प्रत्येकाला सांगत होते, "ही लाट इथे येणार नाही. ती पॅसिफिकमध्ये उठलीय. मधे किती बेटं आहेत, देश आहेत, आख्खा भारत आडवा आहे. आपल्या समुद्रात त्सुनामी कधी आलीच नाही असं नाही. १९४५ साली मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा लाट मुंबईपर्यंत आली होती. पण ही ती नव्हे."

पंचायतीचा ड्रोनही वरून ओरडून तेच सांगत होता. कुणी ऐकलं नाही. चार वाजले, पाच वाजले, समुद्र होता तसाच राहिला. मग सगळे धुळीने माखून, एकमेकांवर चिडत खाली उतरले. आणि अण्णा, ज्यांना लाट येणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, तेही सगळ्यांबरोबर चढून गेले होते आणि सगळ्यांत शेवटी उतरले होते.

शाल्मली परसात आली. अण्णा नारळाच्या बुंध्याला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, पण झोपलेले नव्हते.

"अण्णा, काल तुम्ही कशाला चढलात? तुम्हाला तर माहीत होतं."

"लोकांना परत यायला लाज वाटू नये म्हणून," ते डोळे न उघडता म्हणाले. "हसं झालं, की माणूस पुढच्या वेळी घरातून निघत नाही. पुढची वेळ खरी असली तर?"

शाल्मली त्यांच्याजवळ बसली. "मला एक सांगाल? खरं सांगा. आईचा निरोप भूकंपाच्या आधीचा आहे का?"

अण्णांनी डोळे उघडले. "कोण म्हणतं?"

"बाबा."

ते सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "निरोप वाच पुन्हा. पहिलं वाक्य."

"'इथे दुपारचा एक वाजून वीस मिनिटं.'"

"तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा सहा तास पुढे. म्हणजे आपले किती?"

"सात वाजून वीस." शाल्मली थबकली. "आणि भूकंप सहा दहाला. म्हणजे तिने भूकंपानंतर सत्तर मिनिटांनी लिहिलं!"

"लिहिला सात वीसला, पोहोचला सात बावीसला. अडकून पडायला वेळच मिळाला नाही त्याला."

"पण मग समुद्र शांत कसा? आईने आपल्याला काळजी वाटू नये म्हणून खोटं लिहिलं?"

"माझी मृण्मयी खोटं लिहीत नाही," अण्णा म्हणाले. मग जड अंगाने उठले. "चल. ती पन्हळ आण इकडे."

छपराखालची पत्र्याची पन्हळ (पावसाचं पाणी वाहून नेणारा लांब, वरून उघडा नळ) रंगवण्यासाठी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. दोघांनी ती अंगणात आडवी केली. शाल्मलीने दोन्ही टोकं चिकणमातीने बंद केली. एका टोकाला अण्णांनी मातीचा उतार थापला, समुद्रकिनाऱ्यासारखा, पाण्यातून हळूहळू वर येणारा. त्याच्या कोरड्या भागावर त्यांनी सुपाऱ्यांची रांग मांडली.

"ही घरं," ते म्हणाले.

दुसऱ्या टोकाला तळाशी एक फळी ठेवली आणि तिला सुतळी बांधली. मग पन्हळीत बादलीने पाणी भरलं. मधोमध, जिथे पाणी खोल होतं तिथे, शाल्मलीने आंब्याचं एक पान सोडलं. ते जहाज.

"आता मला सांग, वाऱ्यामुळे उठणारी लाट आणि त्सुनामी यांत फरक काय?"

"त्सुनामी मोठी असते."

"उंचीने नव्हे. वारा फक्त वरचं पाणी हलवतो. वादळात वर पंधरा मीटरच्या लाटा असल्या, तरी दोन-तीनशे मीटर खाली गेलीस की सगळं शांत. पण समुद्राचा तळच अचानक वर उचलला गेला, तर त्याच्यावरचं सगळं पाणी उचललं जातं. तळापासून माथ्यापर्यंत, चार-पाच किलोमीटर जाडीचं. ते पाणी पुन्हा समतल व्हायला बघतं आणि चारी बाजूंना पसरतं. ती त्सुनामी. ओढ सुतळी. झटकन."

शाल्मलीने सुतळी ओढली. फळी तळातून वर आली. पाण्यावर एक बारीकसा फुगवटा उठला आणि पन्हळीतून सरकत गेला. पानापाशी आला तेव्हा पान जरासं वर झालं, जरासं खाली, आणि तिथेच राहिलं. फुगवटा पुढे गेला, मातीच्या उताराशी पोहोचला. तिथे तो उभा राहिला, पाणी उतारावर चढलं, आणि सुपाऱ्या गडगडत पन्हळीबाहेर पडल्या.

शाल्मली बघतच राहिली. "पान तर हललंही नाही!"

"हललं. पण त्याला कळण्याइतकं नाही. आपली पन्हळ एवढीशी, म्हणून आपल्याला दिसलं तरी. खऱ्या महासागरात त्सुनामीची उंची असते अर्धा मीटर, फार तर एक. आणि तिची तरंगलांबी (एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर) असते दीडशे, दोनशे किलोमीटर. जहाज पाच-सात मिनिटांत अर्धा मीटर वर जातं आणि तेवढ्याच सावकाश खाली येतं. जेवणाच्या ताटातली आमटीसुद्धा हिंदकळत नाही."

"मग किनाऱ्यावर वीस मीटर कशी होते?"

"शाळा सुटल्यावर तुम्ही सगळे मैदानातून धावत सुटता. पुढे चिखल लागला तर काय होतं?"

"पुढचे हळू होतात. मागचे जोरात येतात आणि धडकतात. मग गर्दी होते."

"त्सुनामीचा वेग खोलीवर ठरतो. पाणी चार हजार मीटर खोल असेल, तर ती ताशी सातशे किलोमीटरने जाते, जवळजवळ विमानाएवढी. खोली एक हजार मीटर झाली की साडेतीनशे. म्हणजे खोली एक चतुर्थांश झाली की वेग निम्मा. दहा मीटर खोल पाण्यात ती ताशी फक्त छत्तीस किलोमीटर धावते. आता विचार कर. लाटेचं पुढचं टोक उथळ पाण्यात आलं, हळू झालं. पण मागचं टोक अजून खोल पाण्यात आहे..."

"ते जोरात येतंय! म्हणजे मागचं पाणी पुढच्यावर चढतं. लांबी कमी होते आणि उंची वाढते."

"बरोबर." अण्णांचा आवाज थकलेला होता, पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ती भिंत किनाऱ्याजवळच तयार होते. खोल समुद्रात भिंत नसतेच."

शाल्मलीने पाटी आणली. अण्णा आकडे सांगत गेले, ती मांडत गेली. वेलामाला पोहोचायला जहाजाला अजून अठरा तास होते. जहाजाचा वेग ताशी तीस किलोमीटर. म्हणजे बंदर पाचशे चाळीस किलोमीटर लांब. भूकंपाची जागा बंदरापासून शंभर किलोमीटरवर, जहाजाच्याच वाटेवर. म्हणजे जहाज भूकंपापासून चारशे चाळीस किलोमीटर अलीकडे. लाटेचा वेग ताशी सातशे.

"अडतीस मिनिटं," ती म्हणाली. "सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी लाट आईच्या जहाजाखालून गेली. आणि आईने निरोप लिहिला सात वीसला. अण्णा! लाट गेल्यावर अर्ध्या तासाने तिने लिहिलं की समुद्र शांत आहे!"

"तिने खरं तेच लिहिलं. ती खोल पाण्यात होती. आणि कप्तानांनी इंजिन हळू करायला सांगितलं, म्हणजे त्यांना इशारा मिळाला होता. ते किनाऱ्याकडे गेले नसणार. मागाहून आणखी लाटा आल्या असतील, पण खोल पाण्यात सगळ्या तशाच जातात."

बाबा केव्हा दारात येऊन उभे राहिले ते दोघांना कळलं नव्हतं. ते खाली उतरले, पाटीवरचे आकडे त्यांनी बोट फिरवत दोनदा तपासले. मग पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"अण्णा, हे तुम्हाला सोमवारीच माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"गणित माहीत होतं," अण्णा म्हणाले. "पण माझीच मुलगी आहे, ओंकार. तीन दिवस मांडत होतो आणि पुसत होतो. स्वतःवर विश्वास बसेना."

थोड्या वेळाने शाल्मलीने विचारलं, "पण अण्णा, एवढं सगळं माहीत आहे तर वेलामातली माणसं का गेली? त्यांना कुणी सांगितलं नाही?"

अण्णा पन्हळीतल्या गढूळ पाण्याकडे बघत राहिले.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तारुमाच्या समुद्रतळावर दाबमापक (वरच्या पाण्याचं वजन मोजणारं यंत्र) बसवलेत. वरून अर्धा मीटर जास्त पाणी गेलं, तरी चार किलोमीटर खाली त्याला कळतं. त्यातले सात मी बसवले. मी आणि तिथला सेवेको नावाचा माणूस. पाच वर्षं आम्ही एका बोटीवर काम केलं. सोमवारी भूकंपानंतर चार मिनिटांत भोंगे वाजले. दाबमापकांनी मग लाट असल्याचं पक्कंही केलं. एकवीस मिनिटं शिल्लक होती. चालत चालत टेकडी गाठता आली असती."

"मग?"

"या वर्षातला तो तिसरा इशारा होता. आधीच्या दोन्ही वेळा लाट आली ती गुडघ्याएवढी. माणसं चढली, बसली, उतरली, दमली. तिसऱ्या वेळी पुष्कळांनी भोंगा ऐकला आणि ते आपापल्या कामाला लागले. यंत्रांनी आपलं काम केलं, शाल्मली. दमलेल्या माणसाला उठवायचं कसं, ते यंत्र मला जन्मभर बनवता आलं नाही." ते थांबले. "सेवेकोचं नाव सापडलेल्यांच्या यादीत अजून नाही. रोज बघतो."

शुक्रवारी दुपारी बाबांचा फोन वाजला. उपग्रहावरून आलेला लांब नंबर होता. तिघांनी एकदमच त्याच्यावर झडप घातली.

"ओंकार? ऐकू येतंय का?" आईचा आवाज घोगरा झाला होता. "पाचच मिनिटं दिलीत. मी बरी आहे. सगळे बरे आहोत. अण्णा आहेत का? शाल्मली?"

"आई, मला माहीत होतं!" शाल्मली ओरडली.

आईने भराभरा सांगितलं. त्यांचं जहाज दोन दिवस खोल समुद्रात थांबलं, मग त्यांना मदतीला बोलावलं. आता ते वेलामाच्या बाहेर नांगर टाकून उभे आहेत. शहरात प्यायला पाणी नाही. जहाजावर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचं यंत्र आहे, ते ती रात्रंदिवस चालवतेय. हात सुजलेत. सुट्टी रद्द झालीय, घरी यायला अजून दोन महिने लागतील.

"दोन महिने," बाबा म्हणाले. पण लगेच, "चालेल. तू थांब तिथे."

"अण्णा, इथे किनाऱ्यावर सगळं..." आई मधेच थांबली. "नंतर सांगेन. ऐका, पाणी न्यायला होडीतून एक मुलगी येते. लेयाना नाव आहे. शाल्मलीएवढीच. तिच्या वर्गातली फार थोडी उरलीत. ती मला सारखं तेच विचारते, लाटेने आमचं सगळं गाव नेलं, तुमचं एवढंसं जहाज कसं राहिलं? मी इंजिन चालवते, मला तिला समजेल असं सांगता येत नाहीय. आत्ता माझ्या शेजारीच उभी आहे. अण्णा, तुम्ही सांगता?"

अण्णांनी फोन शाल्मलीच्या हातात दिला.

मग तिने मैदानापासून सुरुवात केली. धावणारी मुलं, पुढचा चिखल, मागून येणारी गर्दी. खोल पाण्यात लाट लांब आणि बुटकी, उथळ पाण्यात आखूड आणि उंच. एकेक वाक्य आई तिकडे त्या मुलीच्या भाषेत मोडकंतोडकं सांगत होती. मधे मधे लेयानाचा बारीक आवाज येत होता.

"ती विचारतेय," आई म्हणाली, "ती पुन्हा येईल का?"

शाल्मलीने अण्णांकडे पाहिलं. ते काहीच सुचवत नव्हते, नुसते बघत होते.

"येईल," शाल्मली म्हणाली. "कधी ते कुणालाच सांगता येत नाही. पण तिला सांग, लाट कितीही मोठी असली तरी तिला किनाऱ्यापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढी मिनिटं आपली असतात. जमीन खूप वेळ हलली, की भोंग्याची वाट नाही बघायची. चढायचं. लाट आली नाही तर उतरायचं. पुन्हा हलली तर पुन्हा चढायचं. कंटाळा आला तरी."

तिकडे मागे कुठेतरी पाण्याचा पंप धडधडत होता.

"ती म्हणतेय, तुमच्याकडच्या मुलीने हे लिहून पाठवावं," आई म्हणाली. "खोली किती असली की वेग किती, ते सगळे आकडे. तिच्या शाळेची भिंत एक राहिलीय, तिथे लिहायचंय तिला. सगळ्यांना रोज दिसेल असं. ठेवते आता, वेळ संपली."

फोन बंद झाला. बाबांनी उठून भिंतीवरचा पडदा बंद केला आणि चहाचं आधण ठेवलं.

शाल्मलीने वहीचं कोरं पान काढलं आणि वरच्या ओळीत लिहिलं, 'भूकंप झाल्यावर तुझ्याकडे किती वेळ असतो?' अण्णा तिच्याजवळ सरकून बसले. डोळे लाल होते, पाठ वाकली होती.

"तास नको लिहूस," ते म्हणाले. "मिनिटं लिही. लहान मुलांना मिनिटं मोजता येतात."